एकाच जुन्या हाफ-प्लेट कॅमेऱ्याने स्टीरिओ छायाचित्रे काढता येतील का?

रामबागकर (इंदूर)

सप्रेम नमस्कार.

आमच्या रामबागेतील जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरच्या एका पेटीत आजोबांचा लाकडी कॅमेरा सापडला. तो हाफ-प्लेट आकाराचा, म्हणजे पावणेपाच इंच गुणिले साडेसहा इंच मापाच्या काचेसाठी केलेला आहे. सागवानी चौकट, पितळी कोपरे, लालसर चामड्याचा भाता आणि पुस्तकासारख्या उघडणाऱ्या तीन दुहेरी डार्क स्लाइड (प्लेट उजेडापासून झाकून कॅमेऱ्यात घालायच्या चपट्या पेट्या) असा सगळा संच आहे. भिंग एकच आहे, ‘रॅपिड रेक्टिलिनिअर’ जातीचे, सुमारे ८ इंच फोकल लांबीचे. त्याला शटर नाही, फक्त मखमलीचे अस्तर असलेली टोपी आहे. भात्याच्या घड्यांना कोपऱ्यांवर बारीक छिद्रे पडली होती. अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी लावून ती एकेक शोधली आणि काळे पातळ कापड चिकटवून बुजवली.

त्याच पेटीत होम्स पद्धतीचा एक लाकडी स्टीरिओस्कोप, म्हणजे किंचित वेगळ्या जागांवरून घेतलेली दोन चित्रे एकेका डोळ्याला दाखवून खोलीचा भास देणारे उपकरण, आणि तशी जोडचित्रे लावलेली दहा-बारा कार्डेही निघाली. त्यांपैकी अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीचे बनारसच्या घाटाचे एक कार्ड मी पाहिले आणि कितीतरी वेळ डोळ्यांपुढून हलवले नाही. पायऱ्या एकामागून एक खाली उतरत जातात, छत्र्यांच्या काठ्या हवेत मोकळ्या उभ्या राहतात आणि नावेचे टोक अगदी जवळ येते. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवरून निघालेला बारकावा आणि त्यातली ही खोली मोबाइलच्या पडद्यावर मी कधी अनुभवली नव्हती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारके) आणि राजवाड्याचे प्रवेशद्वार याच कॅमेऱ्याने, याच रीतीने टिपावे अशी इच्छा तेव्हापासून मनात धरून आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. स्टीरिओसाठी सारख्या फोकल लांबीची दोन भिंगे लागतात असे वाचले, पण या भिंगाचा जोड शंभर वर्षांनंतर कुठून मिळवायचा? दोन भिंगे एकाच पाटीवर बसवण्यासाठी कॅमेऱ्याचा पुढचा भाग कापावा लागला, तर ते माझ्याने होणार नाही, कारण आजोबांच्या हाताची वस्तू मला बिघडवायची नाही. कॅमेरा बाजूला सरकवून दोन चित्रे घेतली, तर तो किती सरकवावा? आणि काचेच्या प्लेट आता सहज मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी काय वापरावे? ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भाता आणि भिंग (बडोदे)

रामबागकर, नमस्कार. आपण कॅमेरा कापला नाही हे फार चांगले केले, आणि कापण्याची गरजही पडणार नाही. याच मापाच्या कॅमेऱ्यावर मी गेली काही वर्षे स्टीरिओ जोड्या काढत आहे, त्यातून जे हाती लागले ते लिहितो.

आधी दोन भिंगांचा विचार बाजूला ठेवू. आपल्या कॅमेऱ्याचा भाता मागून पुढे निमुळता होत जातो का, ते पाहा. प्रवासी हाफ-प्लेट कॅमेऱ्यांत तो बहुधा निमुळताच असतो, कारण त्यामुळे कॅमेरा पातळ मिटतो आणि वजनाला हलका होतो. दोन भिंगांच्या स्टीरिओ कॅमेऱ्याचा भाता मात्र पुढेही तितकाच रुंद असावा लागतो, कारण दोन भिंगांच्या मध्ये भात्याच्या पूर्ण लांबीभर एक पडदा ताणलेला असतो आणि डाव्या भिंगाचा प्रकाश उजव्या अर्ध्यावर पडू द्यायचा नसतो. निमुळत्या भात्यात दोन भिंगे बसवली, तर भात्याच्या कडा चित्रात येतात आणि मधला पडदा उभा राहत नाही. त्यामुळे जोडीचे भिंग उद्या मिळाले, तरी या कॅमेऱ्यात त्याचा उपयोग नाही. त्याची खंत करू नये.

कॅमेरा सरकवून जोडी घेण्याची रीत दोन भिंगांच्या कॅमेऱ्याहून जुनी आहे. व्हीटस्टन यांनी स्टीरिओस्कोप १८३८ मध्ये मांडला आणि मँचेस्टरच्या डान्सर यांनी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचे पेटंट १८५६ मध्ये घेतले. मधल्या काळात अनेकांनी एकच कॅमेरा बाजूला सरकवून काम भागवले. या रीतीचा मोठा लाभ असा, की दोन्ही चित्रे एकाच भिंगाने निघत असल्यामुळे त्यांच्या मापात केसाचाही फरक पडत नाही.

आपले भिंग ८ इंचांचे आहे हे वाचून मला विशेष आनंद झाला. होम्स पद्धतीच्या स्टीरिओस्कोपच्या भिंगांची फोकल लांबीही साधारण तेवढीच असते. ज्या फोकल लांबीने चित्र घेतले, तेवढ्याच फोकल लांबीच्या भिंगातून त्याचा काँटॅक्ट प्रिंट पाहिला, की वस्तूंच्या आकाराचे आणि खोलीचे परस्परांशी प्रमाण नैसर्गिक राहते. पाच इंची भिंगाने घेतलेले चित्र त्याच स्टीरिओस्कोपमधून पाहिले, तर खोली ओढून लांबवल्यासारखी वाटते. तेव्हा एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे चित्र काढणाऱ्या यंत्राची, गरज नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढावा आणि त्यातून सुमारे ३ इंच रुंदीचा भाग कापून घ्यावा. कार्डाचे प्रचलित माप ७ इंच गुणिले साडेतीन इंच आहे, त्यात दोन्ही चित्रे शेजारी नीट बसतात.

किती सरकवावे, याचा सर्वांच्या तोंडी असलेला नियम असा आहे, की सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग घ्यावा. माझ्या अनुभवाने ही कमाल मर्यादा आहे, दर वेळी गाठायचे माप नव्हे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असते. आपण पाच मीटरवरचा खांब समोर ठेवून साडेसोळा सेंटीमीटर सरकलात, तर खोली भरपूर दिसेल, पण छत्री दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेल्या चित्रासारखी लहान वाटू लागेल. दगडाचे वजन आणि वास्तूची उंची राखायची असेल, तर त्या अंतरावर ८ ते १० सेंटीमीटर पुरेत. दूरच्या डोंगररांगेची गोष्ट वेगळी आहे, तिथे मीटर-दोन मीटर सरकल्याशिवाय काहीच उठत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅमेरा सरकवावा, वळवू नये. नवशिक्याला वाटते, की दोन्ही वेळा छत्रीचा कळस काचेच्या मध्यावर यावा, म्हणून तो सरकवल्यावर कॅमेरा किंचित आत वळवतो. त्याने एका चित्रात डावी बाजू उंच आणि दुसऱ्यात उजवी बाजू उंच होते, कोपऱ्यांतल्या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत आणि डोळे दुखू लागतात. कळस बाजूला सरकला तर सरकू द्यावा, प्रिंट कापताना ते सावरता येते.

यासाठी मी सुताराकडून सागवानी फळी करून घेतली आहे. ती दोन फूट लांब असून रंधा मारून सपाट केली आहे, आणि मागच्या काठाला एक सरळ पट्टी गुण्या लावून ठोकली आहे. कॅमेऱ्याचा तळ त्या पट्टीला टेकवून सरकवला, की तो वळूच शकत नाही. पट्टीवर ६५, १००, १६५ आणि ३०० मिलिमीटरवर खुणा कोरल्या आहेत. फळी तिवईवर घट्ट बसवावी आणि तिच्यावर पाणसळ लांबीला व रुंदीला ठेवून ती सपाट असल्याची खात्री करावी. फळी एका बाजूला झुकली, तर दोन चित्रांत उंचीचा फरक पडतो, आणि असा फरक डोळे अजिबात सहन करीत नाहीत.

शेवटी एक सूचना. फोकस पाहण्याची घासलेली काच कोणी कधी साफ करून उलटी बसवली नाही ना, हे तपासा. खरखरीत बाजू भिंगाकडे हवी. ती उलटली, तर काचेच्या जाडीच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे एक-दीड मिलिमीटरचा फरक फोकसमध्ये पडतो. एफ/८ ला, म्हणजे भिंगाचे तोंड मोठे उघडे असताना, चित्र त्यामुळे स्पष्ट बिघडते, पण एफ/३२ ला, तोंड बारीक केल्यावर, ते झाकले जाते आणि चूक लक्षात येत नाही. म्हणून पहिली चाचणी भिंग पूर्ण उघडे ठेवूनच घ्यावी. चाचणीसाठी फिल्म खर्चू नये. छपाईचा साधा ब्रोमाइड कागद डार्क स्लाइडमध्ये घालावा, त्याची गती (प्रकाशाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ) ६ च्या आसपास धरावी, आणि निगेटिव्ह तांबड्या दिव्याखाली डोळ्यांदेखत उमटताना पाहावी.

क्ष-किरण विभाग (ग्वाल्हेर)

फिल्मविषयी मी लिहितो. माझी नोकरी एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात झाली आणि तिथल्या फिल्मवर साधी छायाचित्रे काढण्याचा नाद मला तेव्हापासून आहे.

हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेली क्ष-किरण फिल्म ८ गुणिले १० इंच आकारात मिळते. आपल्या कॅमेऱ्यासाठी हे माप अगदी सोयीचे आहे. साडेसहा इंच रुंदीची पट्टी कापून तिच्या लांबीचे दोन भाग केले, की साडेनऊ इंचांत हाफ-प्लेटचे दोन तुकडे निघतात. म्हणजे एका शीटमध्ये एक स्टीरिओ जोडी. दोन्ही चित्रे एकाच शीटची असली, की त्यांच्या गतीत फरक नसतो, आणि ती एकाच तबकात एकाच वेळी धुतली, की काळेपणाही सारखा येतो. हा सारखेपणा सोडू नये. एक चित्र फिके आणि दुसरे गडद झाले, तर स्टीरिओस्कोपमध्ये पृष्ठभाग चकाकल्यासारखे थरथरतात आणि दगड दगडासारखा दिसत नाही.

ही फिल्म तांबडा रंग पाहत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत गडद तांबडा दिवा चालतो, तरी आपल्या दिव्याची परीक्षा एकदा घ्यावी. फिल्मच्या तुकड्यावर नाणे ठेवून पाच मिनिटे दिव्याखाली राहू द्यावे आणि मग तो तुकडा डेव्हलप करावा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा बाद. चित्रातही याचा परिणाम दिसतो. गेरूने रंगवलेली भिंत काळपट येते आणि कपाळावरचे कुंकू काळे येते. जुन्या काचेच्या प्लेटवरच्या आपल्या आज्या-पणज्यांच्या चित्रांत हेच दिसते.

गती मी दिवसाच्या उजेडात ५० धरतो. संध्याकाळी तांबूस प्रकाशात ती बरीच कमी होते, म्हणून तेव्हा दुप्पट वेळ द्यावा. रुग्णालयातला तयार डेव्हलपर वापरू नये, त्याने नुसते काळे-पांढरे होते. मी रॉडिनल हा डेव्हलपर १ भागास १०० भाग पाणी असे पातळ करून वापरतो.

आता या फिल्मचा दोष. हिला दोन्ही बाजूंनी लेप असतो, आणि तो ओला असताना नखाच्या स्पर्शानेही निघतो. तबकाच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी, दोन तुकडे एकमेकांवर येऊ देऊ नयेत आणि तबक हलक्या हाताने हलवावे.

आपल्या डार्क स्लाइड काचेसाठी केलेल्या असल्यामुळे नुसती फिल्म त्यांत टिकणार नाही, वाकून सुटेल. खराब झालेली एखादी जुनी प्लेट असल्यास ती धुऊन स्वच्छ करावी, फिल्मच्या मागे ठेवावी आणि त्या काचेची मागची बाजू काळी रंगवावी. फिल्म पुढच्या कडेला टेकलेली राहते आणि फोकस बिघडत नाही.

माळवी (इंदूर)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण एका मर्यादेकडे लक्ष वेधावेसे वाटते. कॅमेरा सरकवण्याच्या रीतीत दोन चित्रांमध्ये वेळ जातो. पहिली बाजू घेऊन डार्क स्लाइड बंद करणे, ती उलटून पुन्हा घालणे आणि कॅमेरा सरकवणे, यात सराव असूनही चाळीस सेकंद जातात. तेवढ्यात राजवाड्यासमोरची सगळी माणसे बदललेली असतात. जे एका डोळ्याला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, ते हवेत भुतासारखे तरंगते. सावल्यांचेही तसेच आहे. सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो, त्यामुळे दहा मीटर अंतरावर पडलेली छज्जाची सावली चाळीस सेकंदांत सुमारे तीन सेंटीमीटर हलते. स्टीरिओस्कोपमध्ये ती सावली भिंतीला चिकटलेली न दिसता भिंतीच्या पुढे किंवा मागे लोंबकळते. गर्दी आणि रस्ता टिपायचा असेल, तर दोन भिंगांना पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाता आणि भिंग (बडोदे)

माळवी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रस्त्यासाठी ही रीत नव्हे. पण रामबागकरांना छत्र्या हव्या आहेत, आणि त्या जागच्या हलणार नाहीत. सावलीवर उपाय एवढाच, की सूर्य वास्तूवर येण्यापूर्वी जावे किंवा पातळ ढगांचा दिवस निवडावा. त्या उजेडात एफ/४५ आणि गती ५० धरली, तर दीड ते दोन सेकंदांचा वेळ येतो. शटर नसलेल्या भिंगासाठी तो अगदी योग्य आहे, कारण टोपी काढून ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजता येते. एफ/४५ ला सुमारे नऊ मीटरवर फोकस केला, तर साडेचार मीटरपासून दूरवरचे सारे स्पष्ट येते. स्टीरिओमध्ये पुसट पार्श्वभूमी चालत नाही, कारण नजर चित्रात फिरते आणि जिथे जाते तिथे तिला काहीतरी पाहायचे असते.

इंदूरच्या मंडळींना हे सांगण्याची गरज नाही, तरी लिहितो. लाला दीनदयाळ यांनी छायाचित्रण सुरू केले ते १८७४ च्या सुमारास आपल्याच शहरात, तिथल्या बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना. त्यांच्याही वास्तुचित्रांत तोच संथपणा आणि तीच सपाट, सावरलेली चौकट आहे. आपण छत्र्यांसमोर तिवई लावाल तेव्हा त्याच परंपरेत उभे असाल.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन रविवार खर्चून पहिली जोडी तयार झाली, तिचा वृत्तान्त देतो, कारण त्यात एक चूक झाली आणि ती इतरांनाही होऊ शकते.

भाता निमुळताच निघाला. घासलेली काच खरोखरच उलटी होती, ती सुलट केली. नंदलालपुऱ्यातील सुताराने दोन दिवसांत फळी करून दिली आणि पट्टीवरच्या खुणा त्याने स्वतः पटाशीने कोरल्या. मागच्या रविवारी पहाटे कृष्णपुऱ्याला पोहोचलो. पहारेकऱ्याला विचारून तिवई लावली, जवळचा खांब पाच मीटरवर धरला आणि शंभर मिलिमीटर सरकवायचे ठरवले. दोन्ही वेळा टोपी दोन सेकंद काढली.

प्रिंट कार्डावर मांडून पाहिले, तर छत्रीच्या ठिकाणी विहीर दिसली. खांब मागे गेले होते आणि मागची भिंत पुढे आली होती. डावे-उजवे चुकले असावे असे समजून प्रिंटांची अदलाबदल केली. खोली ताबडतोब सरळ झाली, खांब पुढे आले आणि कमानीखालची पोकळी खरीखुरी पोकळी वाटली. मी समाधानाने ते कार्ड आईला दाखवले. तिने स्टीरिओस्कोप डोळ्यांना लावला, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “अरे, नदी या बाजूला कुठे आहे?” खान नदी खरोखरच भलत्या बाजूला आली होती. सगळे चित्र आरशातले होते.

आता कारण समजले आहे. फिल्मला दोन्ही बाजूंनी लेप असल्यामुळे कोणती बाजू कोणती, हे हाताला कळत नाही, आणि मी दोन्ही निगेटिव्ह कागदावर उलट्या ठेवल्या होत्या. आरशातल्या चित्रांत डावे-उजवेही उलटते, म्हणून पहिल्यांदा विहीर दिसली. अदलाबदल केल्यावर खोली तेवढी दुरुस्त झाली, चित्र मात्र उलटेच राहिले. त्या जागी कोणतीही पाटी किंवा अक्षरे चौकटीत नसल्यामुळे माझ्या ते लक्षात आले नाही.

क्ष-किरण विभाग (ग्वाल्हेर)

हे मी आधीच सांगायला हवे होते, चूक माझी आहे. फिल्म डार्क स्लाइडमध्ये भरताना भिंगाकडची बाजू आपल्याकडे धरावी आणि तिचा वरचा उजवा कोपरा कात्रीने तिरपा छाटावा. डाव्या चित्राच्या फिल्मला एक छाट आणि उजव्या चित्राच्या फिल्मला शेजारी-शेजारी दोन छाट द्यावेत, म्हणजे अंधारातही बोटाला कळते. प्रिंट काढताना तीच बाजू कागदाकडे ठेवावी.

भाता आणि भिंग (बडोदे)

आपल्या मातुःश्रींची नजर पक्की आहे. पुन्हा प्रिंट काढाल तेव्हा कापताना एवढे पाहावे, की डाव्या डोळ्याच्या चित्रात उजव्या कडेचा थोडा अधिक भाग राहील आणि उजव्या डोळ्याच्या चित्रात डाव्या कडेचा. खिडकीतून बाहेर पाहताना आपल्या डोळ्यांना असेच दिसते, त्यामुळे कार्डाची चौकट खिडकीसारखी पुढे राहते आणि छत्री तिच्या मागे नीट उभी राहते. जवळचा खांब चौकटीच्या कडेने कापला जात असेल, तर तो चौकटीच्या पुढे येऊ देऊ नये, एक-दोन मिलिमीटर कापून मागे ढकलावा. नवे कार्ड तयार झाले, की आधी मातुःश्रींना दाखवावे आणि मग इथे कळवावे.